आत्महत्येनंतर मागे राहणारी मुले : कुटुंब, शाळा आणि गाव यांचे कर्तव्य

एखाद्या घरात आत्महत्या घडली म्हणजे गावातील सर्व यंत्रणा कामास लागते. पोलीस येऊन पंचनामा करतात, शवविच्छेदन होते, जबाब नोंदविले जातात. मृत व्यक्ती शेतकरी असल्यास महसूल व कृषी खात्याचे कर्मचारी माहिती गोळा करतात. नातेवाईक जमतात, वार्ताहर येतात, भेटीगाठी होतात. या सर्व धावपळीत त्या घरातील मुले कोठे आहेत, त्यांना काय सांगण्यात आले आणि त्यांनी काय ऐकले, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. ‘मुले लहान आहेत, त्यांना काय कळते,’ असे म्हणून त्यांना शेजारच्या घरी पाठविले जाते. वस्तुतः मुलांना बरेच काही कळलेले असते. जे कळलेले नसते ते ती आपल्या कल्पनेने भरून काढतात आणि ही कल्पना पुष्कळदा सत्याहून अधिक भयंकर असते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात १,७०,९२४ व्यक्तींचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यांपैकी २२,७४६ मृत्यू महाराष्ट्रातील असून ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. हे आकडे मृतांचे आहेत. त्यांच्यामागे राहिलेल्या मुलामुलींची गणना या आकड्यांत होत नाही. या मुलांना आधार कसा द्यावा, हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही. शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा, ग्रामपंचायत सदस्य आणि महसूल कर्मचारी या सर्वांचा त्याच्याशी निकटचा संबंध येतो.

या दुःखाचे वेगळेपण

मृत्यू कोणत्याही कारणाने येवो, मुलाचे दुःख मोठेच असते. तथापि आजाराने वा अपघाताने आलेल्या मृत्यूच्या प्रसंगी न उद्भवणारे काही प्रश्न आत्महत्येनंतर मुलापुढे उभे राहतात. ‘बाबांनी असे का केले?’, ‘मी आदल्या दिवशी वहीसाठी हट्ट केला म्हणून तर नव्हे?’, ‘त्यांना आम्ही नको होतो काय?’, ‘आता आईही जाईल काय?’ हे ते प्रश्न होत. त्यांच्या जोडीला लाज असते, राग असतो आणि आपण रागावलो याचाही अपराध वाटत असतो. घरात दीर्घकाळ व्यसन, भांडणे वा आजारपण असेल, तर एक प्रकारचा सुटकेचा भावही मनात येतो आणि त्यामुळे मूल स्वतःलाच दुष्ट समजू लागते. या सर्व भावना स्वाभाविक आहेत, हे प्रथम मोठ्यांनी जाणले पाहिजे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट केन आणि आयरीन फास्ट यांनी आई किंवा वडील आत्महत्येने गमावलेल्या व मानसिक त्रासामुळे उपचारासाठी आणलेल्या ४५ मुलांचा अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. या मुलांच्या त्रासाच्या मुळाशी त्यांना दोन गोष्टी प्रामुख्याने आढळल्या. एक म्हणजे खोलवर रुजलेली अपराधी भावना आणि दुसरी म्हणजे घरातील मोठ्या माणसांनी घडलेल्या गोष्टीविषयी पाळलेले मौन किंवा सांगितलेले असत्य. काही मुलांनी घटनेचा काही भाग प्रत्यक्ष पाहिलेला होता, तरीही त्यांना वेगळेच कारण सांगण्यात आले होते. डोळ्यांनी पाहिलेले खरे मानावे की आईचे सांगणे खरे मानावे, या पेचात सापडलेले मूल पुढे कोणावरच विश्वास ठेवीनासे होते.

त्याच काळात एडविन श्नाइडमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्यांना द्यावयाच्या मदतीचा स्वतंत्र विचार मांडला. आत्महत्या रोखण्याइतकेच तिच्यानंतरच्या सेवेला महत्त्व आहे आणि मागे राहिलेल्यांची सेवा हेच पुढील पिढीतील प्रतिबंधाचे कार्य होय, हा त्या विचाराचा गाभा आहे.

वयानुसार समज

मृत्यूची कल्पना मुलांच्या मनात हळूहळू घडत जाते. हंगेरीतील मारिया नागी यांनी बुडापेस्ट व त्याच्या परिसरातील ३ ते १० वर्षे वयाच्या ३७८ मुलांच्या या विषयावरील कल्पनांचा अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. पाच वर्षांखालील मुले मृत्यूला प्रवास किंवा झोप समजतात, गेलेला माणूस परत येईल असे मानतात. पाच ते नऊ या वयात मृत्यू खरा वाटू लागतो, परंतु तो बाहेरून येऊन घेऊन जाणारा कोणीतरी आहे अशी कल्पना असते. नऊ वर्षांच्या सुमारास तो सर्वांना येणारा व अटळ आहे हे उमगते. वयाच्या या सीमा सर्वत्र तंतोतंत सारख्या नसतात. ग्रामीण भागातील मूल जनावरांचे जन्म-मृत्यू जवळून पाहत असल्याने त्याची समज लवकर येऊ शकते.

यावरून काही व्यावहारिक नियम निघतात. अंगणवाडीतील बालकाला ‘बाबा गावाला गेले’ किंवा ‘बाबा झोपले’ असे सांगू नये. ते दररोज वाट पाहत बसते किंवा स्वतः झोपावयास घाबरते. ‘देवाला चांगली माणसे आवडतात म्हणून त्याने नेले’ असे म्हटल्यास चांगले वागण्याचीच भीती वाटू लागते. प्राथमिक शाळेतील मूल घटनेचे कारण स्वतःच्या वागण्यात शोधते. त्याला ‘हे तुझ्यामुळे झाले नाही’ हे स्पष्ट शब्दांत आणि अनेक वेळा सांगावे लागते. किशोरवयीन मुले वरकरणी शांत दिसतात. मोठा मुलगा एकाएकी कर्ता पुरुष बनतो, मुलगी घरकाम व धाकटी भावंडे अंगावर घेते, आणि लोक त्यांच्या समंजसपणाचे कौतुक करतात. ‘आता घर तुलाच सांभाळायचे आहे’ हे वाक्य सांत्वनासाठी उच्चारले जाते. चौदा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर मात्र त्याचे ओझेच होते.

सत्य कसे सांगावे

सत्य सांगावे काय, हा पालकांपुढील सर्वांत कठीण प्रश्न होय. त्याचे उत्तर असे की, सत्य सांगावे, ते लवकर सांगावे, मुलाच्या सर्वांत जवळच्या व्यक्तीने सांगावे आणि वयाला पेलेल इतकेच सांगावे. घरच्यांनी सांगितले नाही तर ते शाळेच्या पटांगणात, पारावर किंवा भ्रमणध्वनीवरून कळते आणि तेव्हा ते अधिक क्रूर स्वरूपात कळते.

आईने किंवा आजीने मुलाला जवळ घेऊन साधारणपणे पुढील शब्दांत सांगता येईल : ‘बाळा, बाबा वारले. आता ते परत येणार नाहीत. त्यांच्या मनावर फार मोठा भार होता, त्यांचे मन आजारी झाले होते. त्या आजारात त्यांना दुसरी वाट दिसेनाशी झाली आणि त्यांनी स्वतःचा जीव घेतला. यात तुझी काही चूक नाही, माझीही नाही. मन आजारी पडले तर त्याला मदत मिळते, औषध मिळते. मी तुझ्याजवळ आहे. तुला जे विचारायचे ते केव्हाही विचार.’ इतके पुरे आहे. मृत्यू कोणत्या प्रकारे झाला याचे वर्णन करू नये. मुलाने विचारले तर थोडक्यात खरे उत्तर द्यावे आणि दृश्याचा तपशील टाळावा. तोच प्रश्न मूल पुनःपुन्हा विचारील, तेव्हा न रागावता तेच उत्तर द्यावे.

सांगताना दोन टोके टाळणे इष्ट आहे. मृत व्यक्तीस भित्री, पळपुटी वा पापी म्हणू नये, कारण मूल स्वतःला तिचाच अंश मानते. उलट तिच्या मृत्यूला बलिदान वा हौतात्म्य म्हणूनही गौरवू नये, कारण हाही एक मार्ग आहे असा अर्थ किशोरवयीन मनात त्यातून उमटू शकतो. वडिलांचे जीवन प्रेमाने आठवावे. त्यांच्या मृत्यूच्या पद्धतीचा गौरव नको. तसेच कर्ज, नापिकी किंवा परीक्षेतील अपयश असे एकच कारण पुढे करणेही योग्य नव्हे. आत्महत्येमागे आर्थिक, कौटुंबिक, शारीरिक व मानसिक अशी अनेक कारणे एकत्र येतात. एकच कारण सांगितल्यास, पुढे त्याच अडचणीत सापडलेल्या मुलाला आपलाही शेवट तोच, असे वाटू शकते.

विधी आणि रूढी

अंत्यविधीपासून मुलांना दूर ठेवावे की जवळ न्यावे, याविषयी घरोघरी मतभेद होतात. काय होणार आहे हे आधी समजावून सांगून मुलाची इच्छा विचारावी व एक परिचित माणूस त्याच्यासोबत सतत ठेवावा, हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. नऊ-दहा वर्षांचा मुलगा अग्नी देण्यास कचरत असेल तर त्याच्यावर सक्ती करू नये. काका किंवा मामा त्याच्यासोबत हात लावू शकतात. मुलीची इच्छा असेल तर तिलाही वगळू नये.

दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवण्यास विलंब झाला की, ‘इच्छा राहिली’, ‘आत्मा तळमळतो आहे’ असे उद्गार निघतात. आपल्या हट्टामुळेच वडील अस्वस्थ आहेत असे मानणाऱ्या मुलाच्या मनावर या शब्दांचा काय परिणाम होत असेल, याचा विचार वडीलधाऱ्यांनी करावा. तीच गोष्ट वैधव्याच्या प्रथांची. वडील गेल्याच्या दिवशीच आईच्या बांगड्या फोडल्या जात आहेत, कुंकू पुसले जात आहे, हे दृश्य मुले पाहतात. आधाराचे एकमेव माणूसही त्यांना अपमानित व असहाय दिसू लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. स्त्रीच्या प्रतिष्ठेसाठी केलेला हा ठराव मुलांच्या मानसिक आरोग्याचाही ठराव आहे, असे म्हणता येईल.

चौकशी आणि साहाय्य

आत्महत्येच्या मृत्यूची चौकशी कायद्याने आवश्यक आहे. ती करताना मुलांच्या बाबतीत काही मर्यादा पाळल्या पाहिजेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मधील कलम १७९ अन्वये पंधरा वर्षांखालील मुलाला किंवा कोणत्याही स्त्रीला जबाबासाठी तिच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. मुलाला विचारणे अपरिहार्य असेल तर ते एकदाच, घरी, विश्वासातील व्यक्तीच्या समक्ष व सौम्य शब्दांत विचारावे. ‘तू तेव्हा कोठे होतास?’ हा साधा प्रश्नदेखील मुलाला आरोपासारखा वाटतो.

कायद्याचीही दृष्टी आता बदलली आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २०१८ पासून अमलात आला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र मानसिक ताणाखाली होती असे त्यातील कलम ११५ अन्वये गृहीत धरले जाते. अशा व्यक्तीची शुश्रूषा व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे. आपले वडील गुन्हेगार नव्हते, हे मुलाला सांगताना या तरतुदीचा आधार घेता येतो.

शेतकरी कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आहे. राज्य शासनाच्या २००६ च्या निर्णयानुसार पात्र प्रकरणी मृत शेतकऱ्याच्या वारसांना एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याची पद्धत सुरू झाली. त्यांपैकी ३०,००० रुपये तातडीने व ७०,००० रुपये ठेव स्वरूपात देण्याची तरतूद होती. प्रकरण निकषांत बसते किंवा नाही याचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती करते. प्रशासनाच्या दृष्टीने ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे केवळ कागदावरील शब्द होत. परंतु ओसरीवर बसलेली मुलगी जेव्हा ‘तुमचे प्रकरण अपात्र ठरले’ हे वाक्य ऐकते, तेव्हा आपल्या वडिलांचा मृत्यू खोटा ठरविला गेला, असा अर्थ ती घेते. चौकशीस जाणाऱ्या कर्मचाऱ्यांनी अशी चर्चा मुलांसमोर करू नये आणि निर्णय कळविताना निकष समजावून सांगून सहानुभूतीचे चार शब्द बोलावेत. यासाठी कोणत्याही निधीची आवश्यकता नाही.

धनादेश देताना मुलांना पुढे उभे करून छायाचित्रे काढण्याची प्रथाही सोडली पाहिजे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ अन्वये काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे.

शाळेचे कार्य

शोकाकुल मुलाच्या आयुष्यात शाळा ही एकच जागा पूर्वीसारखी राहिलेली असते. म्हणून दहा-पंधरा दिवसांत ते शाळेत परत यावे यासाठी शिक्षकांनी घरी जाऊन भेट घ्यावी. वर्गातील इतर मुलांना काय सांगावे, हे कुटुंबाला व त्या मुलाला विचारून ठरवावे. तो येण्यापूर्वी वर्गाला सांगावे की, त्याच्या घरी दुःखद घटना घडली आहे, त्याला खोदून विचारू नये, चिडवू नये, खेळावयास मात्र नेहमीप्रमाणे बोलवावे. शिक्षकाने त्याला एकांतात ‘तुझ्या बाबांचे कळले, मला फार वाईट वाटले. वर्गात बसवेनासे झाले तर मला खूण कर,’ इतके सांगितले तरी पुष्कळ आधार मिळतो.

काही महिने लक्ष एकाग्र न होणे, गृहपाठ राहणे, चिडणे, पोट वा डोके दुखणे हे अपेक्षितच आहे. सवलत द्यावी, पण शिस्त पूर्णपणे सोडू नये. नित्यक्रम हाही एक आधार आहे. ‘आई-बाबा’ या विषयावरील निबंध, पालकसभा, पोळा, दिवाळी, मृत व्यक्तीचा वाढदिवस व वर्षश्राद्ध या वेळी दुःख नव्याने उसळते. शिक्षकांनी या तारखा ध्यानात ठेवाव्यात.

अशा प्रसंगी मुलाला अनेकदा मामाच्या गावी पाठविले जाते. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम ५ नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला मिळण्यास विलंब झाला या कारणासाठी प्रवेश नाकारता वा लांबविता येत नाही. तथापि शक्य असेल तेथे मुलाला त्याच घरात, त्याच शाळेत, भावंडांसमवेत ठेवणेच श्रेयस्कर होय.

एखाद्या विद्यार्थ्याचाच आत्महत्येने मृत्यू झाला तर शाळेची जबाबदारी अधिक वाढते. किशोरवयात अनुकरणाचा धोका खरा आहे. म्हणून मोठ्या प्रार्थनासभेत तपशील सांगू नयेत; वर्गावर्गांत, परिचित शिक्षकाने, थोडक्यात माहिती द्यावी. शोक अन्य कोणत्याही विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर व्यक्त केला असता तितकाच असावा. जवळचे मित्र, भावंडे, अलीकडे त्याच्याशी भांडलेली मुले आणि पूर्वीपासून खिन्न असणारी मुले यांच्याशी त्याच आठवड्यात स्वतंत्रपणे बोलावे.

धोक्याच्या सूचना

स्वीडनमधील राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बालपणी वा किशोरवयात पालकाला आत्महत्येने गमावलेल्यांमध्ये पुढे आत्महत्येने मृत्यू येण्याचे प्रमाण, पालक हयात असलेल्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट आढळले. या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. असा मृत्यू मुळातच विरळ असल्याने या मुलांपैकी बहुसंख्य पुढे निरोगी आयुष्य जगतात. ‘हे आपल्या घराण्यातच आहे’ असे मात्र त्यांना कधीही ऐकवू नये. लक्ष ठेवणे आवश्यक आहे, इतकाच या निष्कर्षाचा अर्थ.

अनेक आठवडे झोप व अन्न तुटणे, शाळा व मित्र सोडून देणे, व्यसनाकडे वळणे, घटनेची दृश्ये वारंवार डोळ्यांपुढे येणे, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, ‘मीही बाबांकडे जाईन’ अथवा ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे बोलणे, स्वतःला इजा करणे ही चिन्हे दिसल्यास तज्ज्ञांची मदत विनाविलंब घ्यावी. ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो काय?’ असे शांतपणे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट मनातील ओझे हलके होते. उत्तर होकारार्थी आल्यास मुलाला एकटे सोडू नये व त्यास अपाय होईल अशा वस्तू आणि औषधे कुलपात ठेवावीत.

‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य व मराठीतूनही समुपदेशन मिळते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग आणि किशोरवयीनांसाठी असलेली मैत्री क्लिनिके येथेही मार्गदर्शन उपलब्ध होते. विदर्भ व मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाने आशा कार्यकर्तीमार्फत घरोघरी मानसिक ताणाची विचारपूस करण्याचा पायंडा पाडला, तोही या कामी उपयुक्त आहे.

ग्रामपंचायतीने काय करावे

दुःखाबरोबर दारिद्र्य आले तर मुलाची शाळा सुटते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेखाली एक पालक गमावलेल्या पात्र बालकास २०२३ पासून दरमहा २,२५० रुपयांचे साहाय्य निश्चित करण्यात आले. केंद्र शासनाच्या मिशन वात्सल्य योजनेतील प्रायोजकत्वाची रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे. अर्जासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाशी संपर्क साधावा. विधवा मातेला कागदपत्रांसाठी कार्यालयोकार्यालयी फिरावे लागू नये म्हणून ग्रामसेवक व तलाठी यांनी मृत्यूचा दाखला, वारस नोंद व शिधापत्रिकेतील बदल एकत्रितपणे करून देणे हे मोठेच सांत्वन ठरेल.

ग्राम बाल संरक्षण समितीने अशा प्रत्येक घरासाठी एक सदस्य नेमून द्यावा. त्याने पहिल्या आठवड्यात, महिन्याने, सणाच्या वेळी आणि वर्षाने त्या घरी जावे. तेराव्यानंतर माणसांची वर्दळ थांबते आणि नेमक्या त्याच वेळी आधाराची खरी गरज सुरू होते. भेटीत आईचीही विचारपूस करावी, कारण जे मोठे माणूस मुलाजवळ उरले आहे ते सावरले तरच मूल सावरते.

आत्महत्येने गेलेला माणूस परत आणणे कोणाच्या हाती नाही. त्याच्या मुलाला सत्य सांगणारे एक माणूस घरात, समजून घेणारे एक माणूस शाळेत आणि दार ठोठावणारे एक माणूस गावात मिळवून देणे मात्र आपल्या हाती आहे. एवढे घडले तर ते मूल वडिलांना त्यांच्या शेवटच्या दिवसापुरते न आठवता त्यांच्या साऱ्या आयुष्यासह आठवू शकेल आणि स्वतःच्या आयुष्याकडे विश्वासाने पाहू शकेल.